कोकणातील वाळूकिनारा : धूप, बंधारे, कांदळवन आणि कायदा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारी गावांतले ग्रामपंचायत सदस्य, वाडीतले रहिवासी, मच्छीमार आणि खारजमिनीचे शेतकरी यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. यातला मुख्य आग्रह आधीच सांगतो: किनाऱ्याची वाळू आणि तिला मागेपुढे सरकायला लागणारी मोकळी जागा, हेच गावाचे पहिले संरक्षण आहे. भिंतीचा विचार त्यानंतर करावा.

जून-जुलैत पुळण (किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा) पार खरवडून जाते. किनारा खचतोय असे समजायचे का?

एवढ्यावरून नाही. पावसाळी लाटा उंच असतात आणि लागोपाठ येतात. त्या पुळणीवरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात दांड्याच्या रूपात साठवतात. त्या दांड्यावर मोठ्या लाटा किनाऱ्याआधीच फुटतात, म्हणजे ती वाळू पाण्याखालीही गावाचेच काम करत असते. ऑक्टोबरनंतर लाटा मंदावल्या की हीच वाळू हळूहळू परत येते आणि मार्च-एप्रिलपर्यंत पुळण पुन्हा रुंद होते. जुलैतल्या फोटोवरून निर्णय घेऊ नये, मे महिन्यातली पुळण दरवर्षी तुलनेला घ्यावी.

राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० नंतरच्या उपग्रहचित्रांवरून केलेल्या अभ्यासात महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा सुमारे चौथा हिस्सा धुपतो आहे, तर निम्म्याहून जास्त भाग स्थिर आहे, असे दिसले. त्यामुळे आपले गाव कोणत्या भागात मोडते हे मोजूनच ठरवावे लागते.

मोजायचे कसे? यंत्रे लागतात का?

लागत नाहीत. दोन सरळ काठ्या, प्रत्येकी दीड मीटर, त्यांवर वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा, आणि दोन मीटर लांबीची न ताणणारी दोरी एवढे पुरते. आपला समुद्र पश्चिमेला असल्याने क्षितिज मोकळे दिसते, आणि ही पद्धत क्षितिजावरच चालते.

आधी न हलणारी खूण निवडा: विहिरीचा कठडा, देवळाचे जोते, काँक्रीटचा खांब. नारळाचे झाड खूण म्हणून घेऊ नका, ते पडू शकते. खुणेपासून समुद्राकडे काटकोनात निघा. एक काठी जमिनीकडे, दुसरी दोन मीटरवर समुद्राकडे, दोन्ही ओळंब्यात धरा. जमिनीकडच्या माणसाने समुद्राकडच्या काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत आणावे. ती रेषा आपल्या काठीला टोकाच्या जितकी खाली छेदते तितका तिथे उतार. मध्ये वाळू वर चढत असेल तर उलट करावे: आपल्या काठीचे टोक आणि क्षितिज जुळवून समुद्राकडच्या काठीवर वाचन घ्यावे. मग दोन्ही काठ्या पुढे सरकवत पाण्यापर्यंत जावे.

हे उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला करा, कारण तेव्हा सर्वांत जास्त पुळण उघडी पडते. दरमहा जमले तर उत्तम, नाहीतर मे अखेर आणि ऑक्टोबर अखेर तरी चुकवू नका. किमान तीन ठिकाणी मोजा, त्यातले एक खाडीच्या मुखाजवळ असू द्या. काठी ओल्या वाळूत रुतणे ही इथली नेहमीची चूक; बुडाला लहान चौकोनी फळी ठोकली की ती टळते. चार-पाच वर्षे मे महिन्याची मापे सलग घटत असतील तर ती धूप. अशी वही हातात असलेल्या गावाचे म्हणणे कार्यालयात वेगळ्या रीतीने ऐकले जाते.

वाळू कायमची जाते, ती कशामुळे?

तीन कारणे बहुधा एकत्र असतात. पहिले, येणारी वाळू कमी होते: नद्यांवर बंधारे होतात, खाडीतून सक्शन पंपाने रेती उपसली जाते. दुसरे, किनाऱ्यालगत सरकणारी वाळू जेटीने किंवा लाटारोधक भिंतीने अडते. अडथळ्याच्या एका बाजूला ती साठते आणि दुसऱ्या बाजूची पुळण उपाशी राहते. तिसरे, मागचे वाळूचे टेकाड सपाट करून तिथे कुंपण, रस्ता किंवा खोल्या उभ्या राहतात. वादळी उधाणाला समुद्र जी शिल्लक वापरतो ती त्या टेकाडात असते. ते काढले की पुढचा घाव सरळ वाडीवर बसतो.

देवबागसारख्या ठिकाणी धोका जास्त आहे, कारण तिथे गावच वाळूच्या चिंचोळ्या जिभेवर आहे: एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र. अशा ठिकाणी नदीमुखाशी केलेला बदल समुद्राच्या बाजूलाही जाणवतो.

दगडी धूपप्रतिबंधक बंधारा बांधला की प्रश्न सुटतो ना?

बंधारा त्याच्या मागची जमीन वाचवतो. पुढची पुळण वाचवत नाही. उतरत्या वाळूवर लाट पसरते आणि तिचा जोर जिरतो. कठीण भिंतीवर ती आपटून उलटते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. जिथे धूप मुळातच चालू आहे तिथे भिंतीपुढची पुळण काही वर्षांत अरुंद होते, भरतीला नाहीशी होते. त्यासोबत होड्या ओढायची जागा, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) लावायची जागा, मासळी वाळवायची जागा आणि कासवांची घरट्यांची जागाही जाते. रापणकरांच्या गावात याचा अर्थ रोजी जाणे, म्हणून हा निर्णय त्यांना बाजूला ठेवून घेऊ नये.

जिथे घरे समुद्रापासून काही मीटरवर आहेत आणि मागे सरायला जागा नाही तिथे बंधाऱ्याला पर्याय नसतो, हे खरे. तिथे तो नीट बांधून घ्यावा.

बंधारा मंजूर झाला आहे. कामावर काय पाहावे?

बंधारा ढासळतो तो बहुतेक वेळा पायथ्याकडून किंवा पोटातून. वरचे दगड मोठे दिसतात म्हणून तो मजबूत असतो असे नाही.

पायथा: भिंतीपुढे लाटा खणतात तो खड्डा साधारण तिथल्या लाटेच्या उंचीइतका खोल जाऊ शकतो. म्हणून पायथ्याचे दगड मे महिन्यातल्या वाळूच्या पातळीवर नुसते ठेवून चालत नाही. ते खाली गाडलेले हवेत किंवा समुद्राच्या दिशेने रुंद पसरलेले हवेत, म्हणजे खड्डा पडल्यावर ते त्यात घसरून बसतात.

गाळणी: वाळू आणि दगड यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, वाळू अडवणारे), त्यावर लहान दगडांचा थर, मग मधला, मग वरचे चिलखती दगड. कापड नसेल, फाटले असेल किंवा जोडावर पुरेसे एकावर एक घेतले नसेल, तर प्रत्येक लाटेबरोबर मागची वाळू फटींतून निघून जाते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस भिंत बसते. मागच्या जमिनीवर खळगे दिसू लागले तर हेच चालले आहे असे समजा. मोठे दगड कापडावर उंचावरून टाकू देऊ नका.

दगडाचे वजन: लागणारे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लाट दुप्पट तर दगड आठपट जड. शेजारच्या आडोशाच्या बंदरातले माप उघड्या किनाऱ्यावर वापरले की पहिल्याच पावसाळ्यात दगड पुळणीवर विखुरतात. उतार सहसा दीडास एक ते दोनास एक (आडवे अंतर दीड ते दोन, तर उंची एक) असतो. त्याहून उभा उतार दगड वाचवतो पण लाट अधिक उलटवतो.

टोके: बंधारा जिथे संपतो तिथे धूप वाढते. टोक जमिनीकडे वळवून घेतलेले किंवा खडकाला भिडवलेले असावे. निधी संपला म्हणून मध्येच थांबलेला बंधारा शेजारच्या घराला धोक्यात टाकतो.

पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र अशा कामांचे संकल्पन आणि प्रतिकृती-अभ्यास करते. आपल्या कामाचा असा अहवाल आहे का, आणि त्यात लाटेची उंची किती धरली आहे, हे ग्रामसभेने लेखी विचारावे. काम सहसा महाराष्ट्र सागरी मंडळाकडून किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडून होते.

वाळू भरलेल्या मोठ्या नळ्या, म्हणजे जिओट्यूब, कशा?

मध्यम लाटांच्या ठिकाणी, विशेषतः पुळणीपासून आत पाण्याखाली ठेवून लाट आधी फोडण्यासाठी, त्यांचा उपयोग होतो. त्यांची वैरी तीन: ऊन, नांगर आणि चाकू. उघड्या राहिलेल्या कापडाची ताकद उन्हाने घटते. एक भोक पडले की वाळू वाहून जाऊन नळी चपटी होते. शिवाय ती भरायला वाळू त्याच पुळणीची घेतली तर एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखे होते.

किनाऱ्यावर सुरूचे झाड लावावे का?

टेकाडाच्या समुद्राकडच्या उतारावर नको. सुरूच्या पानांचा जाड थर खाली पडतो, त्यात वाळू बांधणाऱ्या वेली उगवत नाहीत. लाटांनी कडा कापली की सुरूची झाडे मुळांसकट आडवी होतात आणि पडताना वाळूचा लचका घेतात. वाऱ्याला आडोसा हवा असेल तर टेकाडाच्या मागे, उंडी आणि केवड्यासोबत मिसळून लावावा.

वाळूचे टेकाड पुन्हा उभे करता येते का?

येते, आणि खर्चही थोडा येतो. वारा वाळू आणतो. आपण फक्त ती थांबवायची.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उधाणाची भरती पोचते त्या रेषेच्या वर, किनाऱ्याला समांतर असे सुमारे एक मीटर उंच कुंपण घाला. बांबूच्या कामट्या किंवा नारळाच्या झावळ्या चालतात. महत्त्वाचे हे की कुंपणाचा निम्मा भाग मोकळा हवा. घट्ट कुंपण घातले तर वारा त्यावर आदळून बुडाची वाळू उकरतो आणि कुंपणच पडते. वाळू वरच्या टोकाला आली की त्यावरच दुसरे कुंपण घाला. प्लॅस्टिकची जाळी वापरू नका. ती तुटून समुद्रात जाते आणि कासवे तिच्यात अडकतात.

मग लागवड. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा (वाळूतले काटेरी गवत) ही आपल्या किनाऱ्याची दोन खरी कामकरी झाडे. मर्यादवेलीचे ३० ते ४० सेंटिमीटरचे, तीन-चार पेरे असलेले तुकडे घ्या, दोन तृतीयांश भाग ओल्या वाळूत तिरपा गाडा, अंतर अर्धा ते एक मीटर. टेकाडाच्या माथ्यावर आणि मागच्या बाजूला पहिल्या पावसानंतर लावा. समुद्राकडची ओळ मात्र सप्टेंबरात, लाटा ओसरू लागल्यावर. जूनमध्ये लावलेली बहुधा वाहून जाते. वेल एकाच जागेवरून ओरबाडू नका.

यानंतर टेकाडाला मारते ती पायवाट आणि गाडी. येण्याजाण्याची एकच वाट ठेवा आणि ती नैर्ऋत्येच्या वाऱ्याला तिरकी काढा. समुद्राच्या रोखाने सरळ काढलेली वाट पावसाळ्यात वाऱ्याचा आणि लाटेचा बोगदा होते.

किनारा स्वच्छतेला जेसीबी लावला तर?

लावू नका. प्लॅस्टिक, जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल हे हाताने वेचा. समुद्राने टाकलेले शेवाळ, पालापाचोळा, वाळकी लाकडे तिथेच राहू द्या. त्यांच्याभोवती वाळू साचते आणि नव्या टेकाडाची सुरुवात तिथूनच होते. यंत्राने कचऱ्याबरोबर वाळूही जाते आणि घरटीही.

खाडीकाठी कांदळवन (खारफुटीचे रान) लावायचे आहे. कुठून सुरुवात करावी?

लावण्याआधी विचारा: इथे ते आपोआप का उगवत नाही? जवळ तिवर-चिप्पी या खारफुटीची झाडे असतील आणि भरतीचे पाणी ये-जा करत असेल तर बिया स्वतःच येतात. उगवत नसतील तर बहुधा रस्त्याच्या भरावाने किंवा बांधाने पाणी अडलेले असते. तिथे चर मोकळा करणे किंवा मोरी घालणे हेच काम; ते न करता हजारो रोपे लावली तर ती मरतात.

जागा मध्यम समुद्रपातळी आणि सर्वांत मोठ्या भरतीची रेषा यांच्या मधली हवी. त्याखालच्या उघड्या चिखलावर लावू नका. तिथे रोपे सतत बुडून मरतात, शिवाय तो चिखल म्हणजे शिंपले-कालवे वेचणाऱ्या बायकांचे शेत आणि पाणपक्ष्यांचे चरायचे रान आहे.

कांदळाच्या लांब शेंगा पावसाळ्यात पिकतात. टोपीखाली पिवळसर गळपट्टी दिसली म्हणजे शेंग तयार. हिरवी ओढून काढलेली रुजत नाही. टोकदार बाजू खाली, साधारण एक तृतीयांश लांबी चिखलात, अंतर दीड ते दोन मीटर. पुढची दोन वर्षे प्लॅस्टिक गुंतले का, गुरे चरतात का, खोडावर शंखांचा थर चढतो का हे पाहायला माणूस हवा. लागवडीच्या दिवसापेक्षा हा माणूस महत्त्वाचा.

खारबंधारा (खारे पाणी शेताबाहेर ठेवणारा मातीचा बांध) फुटला, शेतात तिवरे उगवली. आता शेत आमचे की वनाचे?

रायगड-ठाण्यातला हा फार दुखरा प्रश्न आहे. मालकी सातबाऱ्याप्रमाणे तुमचीच राहते, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने खासगी जमिनीवरील कांदळवनालाही संरक्षण आहे. ते तोडणे, जाळणे, त्यावर भराव टाकणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे खरा उपाय वेळेत खांड, म्हणजे बांधाला पडलेले भगदाड, बांधणे हाच.

खांड पडल्याच्या दिवशीच तारखेसह फोटो काढा, खारभूमी विकास विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. शेतात तेव्हा कांदळवन नव्हते याचा हाच पुरावा. दर उधाणाला खांड रुंद आणि खोल होते, म्हणून पंधरवडा थांबणेही महागात पडते.

खांड भांगाच्या दिवसांत बांधा, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. दोन्ही बाजूंनी माती टाकत तोंड अरुंद करत जाणे ही सर्रास होणारी चूक: तोंड लहान झाले की पाण्याचा वेग वाढतो, तळ खणला जातो आणि शेवटचा पाच मीटरचा भाग काही केल्या बांधून होत नाही. आधी पूर्ण रुंदीत तळावर मातीच्या गोण्या आणि दगड पसरा, मग सगळीकडे सारखी उंची वाढवत या. चिकण माती वापरा, पण ती बांधाच्या पायथ्यातून खणू नका. उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडण्याच्या दाराच्या) झडपा दर पावसाळ्याआधी तपासा. लाकडी फळीतली बोटभर फट हंगामभर खारे पाणी आत आणते. बांधात खेकड्यांची बिळे दिसली की ती लगेच ठेचून बुजवा.

आणि बांधाच्या बाहेरची, समुद्राकडची तिवरे जपा. लाट त्यांच्यात मोडते, म्हणून बांध टिकतो.

सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, माझे राहते घर दुरुस्त करता येईल का?

अधिकृत असलेले घर आहे त्याच क्षेत्रफळात दुरुस्त करता येते. नव्यासाठी गावाचा प्रकार पाहावा लागतो. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागाचे दोन प्रकार आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या गावात भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून विरळ वस्तीच्या गावात २०० मीटर हा ना-विकास पट्टा. खाडीकाठी मर्यादा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जी कमी ती. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा वेगळा. वाळूची टेकाडे, कांदळवन, कासवांच्या घरट्यांच्या जागा या सर्वांत कडक वर्गात येतात.

स्वतःला राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाला राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक संस्था परवानगी देते. मात्र तीही अधिसूचनेचे नियम पाहूनच.

भरतीरेषा कोण ठरवते? आमच्याकडे पाणी तर त्याच्याही आत येते.

डोळ्यांना दिसणारे पाणी आणि नकाशावरची रेषा या वेगळ्या गोष्टी आहेत. रेषा चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली असते आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापनाच्या मंजूर आराखड्यात येते. गट क्रमांकासह दिसणारा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा मागा. १:२५,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे २५ मीटर, त्यावरून घराचा वाद सुटत नाही.

पुळणीवर कासवाचे घरटे दिसले. काय करू?

हात लावू नका, वनविभागाला किंवा गावच्या कासवमित्राला कळवा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६. ऑलिव्ह रिडले आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालते. एका घरट्यात शंभराच्या आगेमागे अंडी, पिल्ले ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर येथे हे काम नियमित चालते.

जागा सुरक्षित असेल तर घरटे तिथेच राहू देणे उत्तम. भरती, कुत्री किंवा कोल्हे यांचा धोका असेल तरच प्रशिक्षित माणसे ते कुंपणात हलवतात, तेही अंडी घातल्यापासून काही तासांत आणि अंडे न फिरवता. नंतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि अंडे उलटले की मरतो. नव्या खड्ड्याची खोली मूळ घरट्याइतकीच हवी: उथळ झाला तर वाळू जास्त तापते, आणि वाळूच्या तापमानावर पिल्लू नर की मादी हे ठरते. पिल्ले समुद्राकडे जातात ती उजेडाच्या दिशेने, म्हणून हंगामात किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे बंद ठेवा किंवा झाका.

जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन आले आणि जाळे कापावे लागले, तर नुकसान कोण देणार?

राज्य शासनाची डिसेंबर २०१८ पासूनची योजना आहे: संरक्षित प्राणी जिवंत सोडण्यासाठी जाळे कापल्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. सोडतानाचे फोटो किंवा चित्रीकरण आणि नौकेची नोंदणी लागते. अर्ज मत्स्यव्यवसाय विभाग किंवा वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे. मोबाइल पाण्यापासून जपणारी पिशवी नौकेवर ठेवा. पुरावा नसला की दावा अडतो.

मे-जूनमध्ये डांबराचे गोळे येतात. काय करावे?

हातमोजे घालून, फावड्याने, कमीत कमी वाळूसह उचला आणि वेगळ्या जाड पिशव्यांत भरा. वाळूत पुरू नका, जाळू नका, पायाला लागलेले रॉकेलने धुऊ नका. खोबरेल तेलाने पुसून मग साबण लावा. पिशव्या घरगुती कचऱ्यात न देता तहसीलदारांमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. समुद्रात तेलाचा ताजा तवंग दिसला तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

कोणी टेकाड सपाट करतोय, भराव टाकतोय. तक्रार कुठे?

आधी तहसीलदार आणि जिल्हाधिकारी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली किनारा क्षेत्रासाठी जिल्हा समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन सदस्य असावे लागतात. आपल्या जिल्ह्यातले ते कोण आहेत हे माहीत करून घ्या. प्रत राज्य प्राधिकरणाला, आणि कांदळवन असेल तर कांदळवन कक्षाला. तक्रारीत गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख असलेले फोटो आणि त्याच जागेचा आधीचा फोटो जोडा. दाद लागली नाही तर पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय पीठाकडे जाता येते. तिथे वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, आणि नुसता पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. भराव पडू लागला त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा.